औपचारिक इंग्रजीतलं ‘नाही’: एकाच अभावाची अनेक विधानं

समजा, एका अर्जासोबत अनुभवाचा दाखला आलेला नाही आणि अर्जदाराला तसं इंग्रजीत कळवायचं आहे. ‘द सर्टिफिकेट इज नॉट एन्क्लोज्ड’ असं लिहिलं तर अर्थ एवढाच, की पाकिटात दाखला नाही. ‘द सर्टिफिकेट इज मिसिंग’ म्हटलं की तो असायलाच हवा होता, कदाचित कुठेतरी गहाळ झाला, अशी शंका आली. ‘द सर्टिफिकेट हॅज नॉट बीन रिसीव्ह्ड’ या वाक्यात लिहिणारा फक्त स्वतःपुरती हमी देतो: तुम्ही पाठवलाही असेल, आमच्याकडे पोचलेला नाही. ‘द सर्टिफिकेट हॅज बीन ओमिटेड’ म्हणजे कोणीतरी तो वगळला, चुकून किंवा मुद्दाम. आणि ‘नो सच सर्टिफिकेट एक्झिस्ट्स’ असं लिहिलं तर असा दाखला अस्तित्वातच नाही, म्हणजे अर्जदार खोटं बोलतोय, असा जवळपास आरोपच झाला.

पाचही वाक्यं व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक आहेत, पाचही औपचारिक आहेत. तरी त्यातलं एखादं चुकीच्या जागी पडलं तर एका साध्या पत्राचा वाद होऊ शकतो. समोरासमोर बोलताना आपण ‘दाखला नाहीये’ एवढंच म्हणतो आणि बाकीचं काम आवाजाचा सूर, चेहरा, आधीचं बोलणं करतं. पत्रात, अहवालात, करारात यातलं काहीच हाताशी नसतं. तिथे सगळा भार शब्दांवर येतो.

औपचारिक इंग्रजी लिहिताना बरेच जण ‘यातला जास्त भारदस्त शब्द कोणता?’ असा विचार करतात. माझ्या मते तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. प्रश्न असा हवा: ही गोष्ट नाही, याबद्दल मला नेमकं काय माहीत आहे? ती आधी होती का? असायला हवी होती का? मी ती शोधली का, आणि शोधली तर किती? कोणी काढून टाकली का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की शब्द जवळजवळ आपोआप ठरतो.

‘नाही’चे प्रकार पाडण्याचं काम आपल्या परंपरेत फार पूर्वी झालेलं आहे. न्याय-वैशेषिक दर्शनात अभाव हा स्वतंत्र पदार्थ, म्हणजे जगातल्या मूलभूत प्रकारांपैकी एक, मानला गेला आणि त्याचे चार प्रकार सांगितले गेले. घट घडण्याआधी तो मातीत नसतो, हा प्रागभाव. घट फुटल्यावर तो उरत नाही, हा प्रध्वंसाभाव. वायूला रंगरूप कधीच नव्हतं आणि कधी असणारही नाही, हा अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट (वस्त्र) नव्हे, हा अन्योन्याभाव. इंग्रजी शब्दांच्या गर्दीत शिरताना ही चौकट फार उपयोगी पडते. ‘नॉट येट इश्यूड’ हा प्रागभाव: अजून दिलेलं नाही, पुढे मिळू शकतं. ‘डिस्कंटिन्यूड’, ‘रिपील्ड’, ‘एक्स्टिंक्ट’ हे प्रध्वंसाभाव: होतं, आता नाही. ‘नॉन-एक्झिस्टंट’ अत्यंताभावाकडे झुकतो. ‘डिस्टिंक्ट फ्रॉम’ हा अन्योन्याभाव. मात्र इंग्रजीतले काही शब्द या चौकटीत न मावणारी एक गोष्ट सोबत आणतात, ती म्हणजे अपेक्षा. नसलेली गोष्ट तिथे असावी असं कुणाला तरी वाटत होतं, हे त्या शब्दातच भरलेलं असतं.

ॲबसेंट, मिसिंग, लॅकिंग

‘ॲबसेंट’ हा या कुटुंबातला सगळ्यात थंड डोक्याचा शब्द. लॅटिनमध्ये ‘अब’ म्हणजे दूर आणि ‘एस्से’ म्हणजे असणं. जो दूर आहे तो ‘ॲबसेंट’. म्हणूनच याच्यामागे ‘फ्रॉम’ येतं: ‘द क्लॉज इज ॲबसेंट फ्रॉम द फायनल ड्राफ्ट’. अंतिम मसुद्यात ते कलम नाही. ते हवं होतं की नको होतं, कोणी काढलं, यावर लिहिणाऱ्याने काहीच म्हटलेलं नाही. डॉक्टर तपासणीच्या नोंदीत ‘अँकल रिफ्लेक्स ॲबसेंट’ असं लिहितात तेव्हाही हेच असतं: घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासली, ती आली नाही. कारणाचा विचार पुढे.

‘मिसिंग’मध्ये मात्र कोणाला तरी ती गोष्ट नसल्याचं जाणवलेलं असतं. तिची जागा ठरलेली होती आणि ती जागा रिकामी आहे. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकाच्या नावापुढे ‘मिसिंग इन ॲक्शन’ लिहितात. तो मरण पावल्याचा पुरावा नाही आणि जिवंत असल्याची खात्रीही नाही, हे त्या तीन शब्दांत प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं. संख्याशास्त्रात ‘मिसिंग डेटा’ म्हणतात तेव्हाही असंच. सर्वेक्षणात एखाद्याचं वय नोंदवलेलं नसेल, तर त्या माणसाला वय आहेच, फक्त आपल्या तक्त्यात आलेलं नाही. ते ‘ॲबसेंट’ म्हणणं तिथे विचित्र वाटेल.

‘लॅक’ म्हणजे उणीव, आणि उणीव म्हटलं की टीका आलीच. ‘द प्लॅन लॅक्स अ टाइमलाइन’ हे निरीक्षण वाटलं तरी तो शेरा आहे: वेळापत्रक असायला हवं होतं, तुम्ही दिलं नाही. वाचनालयाचं कौतुक करताना ‘ॲब्सेन्स ऑफ नॉइज’ म्हणता येतं. ‘लॅक ऑफ नॉइज’ म्हटलं तर गोंगाट हवा होता असं वाटायला लागेल. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना हा फरक सांभाळणं फार महत्त्वाचं, कारण ‘लॅक’ मऊ दिसतो पण लागतो.

इथे व्याकरणाची एक चूक इतकी सर्रास होते की सांगायलाच हवी. ‘लॅक’ क्रियापद म्हणून वापरला की त्याच्यामागे ‘ऑफ’ येत नाही. ‘द रिपोर्ट लॅक्स ऑफ डिटेल’ चूक, ‘द रिपोर्ट लॅक्स डिटेल’ बरोबर. नाम असेल तर ‘अ लॅक ऑफ डिटेल’. विशेषणासारखं वापरायचं तर ‘लॅकिंग इन डिटेल’. तिन्ही रूपं एकमेकांत मिसळतात आणि त्यातूनच ती ‘लॅक्स ऑफ’ची खिचडी तयार होते.

याच घरातला जुना शब्द ‘वॉन्टिंग’. ‘फाउंड वॉन्टिंग’ हा प्रयोग 1611 च्या किंग जेम्स बायबलमधून रूढ झाला. तिथे राजा बेलशस्सराला तराजूत तोलल्यावर तो उणा भरतो. त्यामुळे एखाद्या कागदपत्रात एक पान नाही एवढं सांगायला हा शब्द वापरू नये. तो न्यायनिवाड्याचा शब्द आहे.

सजावटीचे शब्द आणि त्यांचा खर्च

औपचारिक लिहायचं म्हटलं की ‘डिव्हॉइड ऑफ’ हात वर करून पुढे येतो. त्याचा अर्थ ‘लवलेशही नाही’. ‘द अपील इज डिव्हॉइड ऑफ मेरिट’: अपिलात काहीच दम नाही. हा शब्द गुणांसाठी शोभतो: अर्थ, करुणा, तथ्य, जीवसृष्टी. खुर्च्या, फायली, सह्या अशा मोजता येणाऱ्या वस्तूंना लावला की वाक्य नाटकी होतं. शिवाय हा शब्द नामाच्या आधी बसत नाही आणि ‘ऑफ’शिवाय चालत नाही, ‘अ डिव्हॉइड डॉक्युमेंट’ असं काही नसतं.

‘बिरेफ्ट ऑफ’ ज्या क्रियापदातून आला त्याचा अर्थ हिरावून घेणं. म्हणजे गोष्ट आधी होती, कोणी तरी किंवा नियतीने ती नेली आणि मागे दुःख उरलं. ‘बिरेफ्ट ऑफ होप’ ठीक. पण ‘द ड्राफ्ट इज बिरेफ्ट ऑफ फुटनोट्स’ लिहिणारा नकळत सांगतोय की तळटीपा होत्या आणि मसुदा त्यांच्या विरहात आहे.

‘व्हॉइड’ची गोष्ट वेगळी, कारण तो कायद्याचा शब्द आहे. ‘द काँट्रॅक्ट इज व्हॉइड’ म्हणताना कागद समोर असतो, सह्या असतात, शिक्काही असतो. नसतो तो कायदेशीर परिणाम. त्याच्या शेजारचा ‘व्हॉइडेबल’ मात्र जवळपास उलटा आहे: करार आज लागू आहे, पण एका पक्षाला तो रद्द करवून घेण्याचा हक्क आहे. चार इंग्रजी अक्षरांच्या फरकाने ‘नाही’चं ‘सध्या आहे’ होतं.

नको असलेली गोष्ट नसेल तर इंग्रजी ‘फ्री’ला बोलावते: ‘फ्री फ्रॉम डिफेक्ट्स’, ‘फ्री ऑफ चार्ज’. मराठीत आपण ‘व्यसनमुक्त’ म्हणतो आणि ‘ज्ञानहीन’ म्हणतो, ‘ज्ञानमुक्त’ म्हणत नाही. अगदी तोच विवेक. पण वेष्टनावरच्या ‘फ्री’चा अर्थ शून्य असा घेऊ नका. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ‘ग्लूटेन-फ्री’ची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेच्या नियमांत एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर ‘शुगर-फ्री’ लिहिता येतं. म्हणजे ‘फ्री’ हे तिथे ‘ठरवलेल्या रेषेच्या खाली’ याचं छोटं रूप आहे. आणि ‘नो ॲडेड शुगर’ तर पदार्थाबद्दल बोलतच नाही, कृतीबद्दल बोलतो: आम्ही वरून साखर घातली नाही. फळाच्या रसात मुळात असलेली साखर तशीच आहे. मधुमेह असलेल्या माणसासाठी हा फरक शब्दच्छल नाही, रोजच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

अट आणि कारण

‘इन द ॲब्सेन्स ऑफ’ हा बहुधा कार्यालयीन इंग्रजीतला सर्वाधिक वापरला जाणारा अभावदर्शक प्रयोग. ‘इन द ॲब्सेन्स ऑफ द चेअरपर्सन, द व्हाइस-चेअरपर्सन शॅल प्रिसाइड’. अध्यक्ष नसतील तर उपाध्यक्ष सभा चालवतील. यातला ‘द’ गाळू नका. ‘इन हर ॲब्सेन्स’मध्ये मात्र ‘द’ लागत नाही, कारण ‘हर’ने ती जागा घेतलेली असते.

हा प्रयोग मुळात अट सांगतो. एखादी गोष्ट नसल्यामुळे काहीतरी घडलं, असं कारण सांगायचं असेल तर ‘फॉर वॉन्ट ऑफ’ नेमका बसतो: ‘द मीटिंग वॉज ॲडजर्न्ड फॉर वॉन्ट ऑफ कोरम’. गणसंख्येअभावी सभा तहकूब. अमेरिकी कायद्याच्या भाषेत ‘ॲबसेंट’ हाच शब्द ‘विना’सारखा वापरतात, ‘ॲबसेंट एनी एव्हिडन्स टु द काँट्ररी’, म्हणजे उलट पुरावा नसेल तर. तो चुकीचा नाही, पण निकालपत्राबाहेर जड वाटतो. तिथे ‘विदाउट’ने काम भागतं.

‘इन ल्यू ऑफ’पासून सावध राहा. त्याचा अर्थ ‘च्या ऐवजी’. ‘इन ल्यू ऑफ द ओरिजिनल, अ सर्टिफाइड कॉपी मे बी सबमिटेड’ म्हणजे मूळ प्रतीऐवजी साक्षांकित प्रत चालेल. ‘मूळ प्रत नसल्यामुळे अर्ज नाकारला’ असं सांगायला तो वापरला तर अर्थाचा पार विचका होतो.

माणसं हजर नसण्याचीही स्वतःची परिभाषा आहे. इतिवृत्तात ‘अपॉलजीज’ या मथळ्याखाली येणाऱ्यांनी आधी कळवलेलं असतं, ‘ॲबसेंट’खाली येणाऱ्यांनी कळवलेलं नसतं. आरोपी समोर नसताना चाललेल्या खटल्याला ‘इन ॲब्सेन्शिया’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला हिटलरचा सचिव मार्टिन बोरमन याच्यावर असाच खटला चालला आणि 1946 मध्ये त्याला गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला.

‘नॉट डिटेक्टेड’

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. ‘नाही’ आणि ‘सापडलं नाही’ यांच्यात फरक आहे, आणि औपचारिक इंग्रजीची खरी ताकद हा फरक जपण्यात आहे.

प्रयोगशाळेचा अहवाल हातात घ्या. पाण्याच्या नमुन्यात एखाद्या कीटकनाशकासमोर ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिलेलं असतं. शेजारच्या किंवा तळाच्या रकान्यात बहुतेकदा एक आकडा असतो: ‘लिमिट ऑफ डिटेक्शन’. त्या पद्धतीने, त्या यंत्राने कमीत कमी एवढं प्रमाण असेल तरच ते ओळखता येतं. ‘नॉट डिटेक्टेड’चा पूर्ण अर्थ असा: या रेषेच्या वर काही आढळलं नाही. रेषेखाली थोडं असेलही, नसेलही. त्याहून संवेदनशील यंत्र आणलं तर तोच नमुना वेगळं उत्तर देऊ शकतो आणि पहिला अहवाल तरीही खोटा ठरत नाही, कारण त्याने फक्त स्वतःच्या नजरेपुरतंच विधान केलं होतं. अन्नपदार्थांत साल्मोनेला जिवाणू तपासतात तेव्हा निष्कर्षाला ‘25 ग्रॅममध्ये’ अशी जोड असते. तपासलेल्या 25 ग्रॅमबद्दल बोलणं आणि अख्ख्या साठ्याबद्दल बोलणं, यातली सीमा ती जोड आखते. असा निष्कर्ष आपल्या अहवालात उतरवून घेताना ती जोड गाळणं म्हणजे विज्ञान बदलणं.

एचआयव्हीच्या उपचारांत ‘अनडिटेक्टेबल’ या शब्दाने लाखो लोकांचं आयुष्य बदललं आहे. औषधं नियमित घेतल्यावर रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण चाचणीच्या पकडीखाली जातं. तिथे ते टिकून राहिलं तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. पण विषाणू शरीरातून गेलेला नसतो. औषधं थांबवली की तो पुन्हा वाढतो. तिथे ‘अनडिटेक्टेबल’च्या जागी ‘ॲबसेंट’ लिहिलं तर वाचणारा औषध बंद करू शकतो. एक विशेषण चुकलं, एवढीच ती चूक राहत नाही.

एक्स-रेच्या अहवालातलं ‘नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर’ही याच जातीचं. रुग्णाला ते ‘डॉक्टर काहीतरी हातचं राखून बोलतायत’ असं वाटतं. खरं तर तो प्रामाणिकपणा आहे: या चित्रात हाड मोडल्याची खूण दिसत नाही. काही बारीक भेगा पहिल्या एक्स-रेत दिसत नाहीत आणि काही दिवसांनी दिसतात, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. म्हणून ते ‘देअर इज नो फ्रॅक्चर’ लिहायला कचरतात.

1995 मध्ये डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटी टिपणी लिहिली. तिचं शीर्षकच सगळं सांगून जातं: पुराव्याचा अभाव म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे. मोजक्या रुग्णांवर चाचणी घ्यायची, दोन औषधांत लक्षणीय फरक दिसला नाही की ‘फरक नाही’ असं जाहीर करायचं, या सवयीवर त्यांचा रोख होता. चाचणीच इतकी लहान असेल की मोठा फरकही तिच्या नजरेतून सुटावा, तर ‘फरक आढळला नाही’ एवढंच म्हणण्याचा अधिकार उरतो.

मग अभाव कधी सिद्धच होत नाही का? होतो. भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे गोष्ट न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं, पण त्याला एक अट घातली, ‘योग्य’ अनुपलब्धीची. गोष्ट असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल, तरच तिचं न दिसणं हा तिच्या नसण्याचा पुरावा. भरपूर उजेड असलेल्या मोकळ्या जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. इंग्रजी अहवाल लिहिताना ही अट स्वतःला लावून बघा. शोध पुरेसा उजेडात झाला असेल तर बिनधास्त ‘देअर इज नो’ लिहा. झाला नसेल तर ‘नो एव्हिडन्स वॉज फाउंड’ लिहा, आणि कुठे, कसं शोधलं तेही लिहा: ‘अ सर्च ऑफ द रेकॉर्ड्स फ्रॉम 2010 टु 2015 फाउंड नो सच एन्ट्री’. शोधाची व्याप्ती सांगणारं असं एक वाक्य दहा भारदस्त शब्दांपेक्षा जास्त विश्वासार्ह असतं.

यंत्राचं ‘नाही’ आणि सरकारचं ‘नाही’

वेब वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं औपचारिक ‘नाही’ म्हणजे ‘404 नॉट फाउंड’. नियमाप्रमाणे या संदेशाचा अर्थ ‘पान अस्तित्वात नाही’ असा नाही. सर्व्हरला ते सापडलं नाही, किंवा ते आहे हे सांगायची सर्व्हरची तयारी नाही. दोन्ही शक्यता त्यात येतात. ही स्थिती तात्पुरती की कायमची, यावरही 404 मौन पाळतो. पान मुद्दाम काढलेलं आहे आणि बहुधा परत येणार नाही, हे माहीत असेल तर वेगळा क्रमांक आहे: ‘410 गॉन’. आणि ‘204 नो कंटेंट’ म्हणजे काम व्यवस्थित झालं, परत पाठवायला मजकूर तेवढा नाही. सापडलं नाही, होतं ते गेलं, द्यायला काही नाही: तीन ‘नाही’, तीन क्रमांक. हे मानक लिहिणाऱ्यांनी दाखवलेली काटेकोर वृत्ती आपल्या पत्रव्यवहारातही यावी असं मला फार वाटतं.

‘आहे हे सांगायची तयारी नाही’ या प्रकाराचा सगळ्यात गाजलेला नमुना मात्र अमेरिकेतला. 1968 मध्ये के-129 ही सोव्हिएत पाणबुडी प्रशांत महासागरात बुडाली. 1974 मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने ग्लोमर एक्सप्लोरर नावाचं जहाज वापरून ती गुपचूप वर काढायचा प्रयत्न केला. बातमी फुटल्यावर एका पत्रकार महिलेने माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली कागदपत्रं मागितली. सीआयएचं उत्तर होतं की अशी कागदपत्रं आहेत हे आम्ही मान्यही करू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. इंग्रजीत ‘कॅन नायदर कन्फर्म नॉर डिनाय’. प्रकरण न्यायालयात गेलं, 1976 मध्ये निकाल आला, आणि तेव्हापासून अशा उत्तराला ‘ग्लोमर रिस्पॉन्स’ म्हणतात. असणं आणि नसणं या दोहोंच्या मधोमध उभं राहणारं हे वाक्य आहे. गुप्तचर संस्थेच्या हाती त्याला काही अर्थ असेल. ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देताना कोणी ते वापरलं, तर लपवण्यासारखं काहीतरी आहे असंच वाचणारा धरून चालतो.

सरकारी आणि खासगी कार्यालयांत याची सौम्य आवृत्ती रोज भेटते: ‘द फाइल कुड नॉट बी लोकेटेड’. कर्मणी प्रयोगामुळे कोणी शोधली, कुठे शोधली, शोधली तरी का, हे सगळं गळून जातं. फाईल हरवली असेल तर तसं लिहावं आणि पुढे काय करणार तेही लिहावं.

नसण्यानेच एखादी गोष्ट डोळ्यांत भरते तेव्हा इंग्रजीत ‘कॉन्स्पिक्युअस बाय इट्स ॲब्सेन्स’ म्हणतात. हा प्रयोग 1859 मध्ये ब्रिटिश राजकारणी लॉर्ड जॉन रसेल यांनी निवडणुकीच्या निवेदनात केला आणि कल्पना एका प्राचीन इतिहासकाराची असल्याचं मान्य केलं. तो इतिहासकार टॅसिटस. इसवी सन 22 मध्ये रोममध्ये जुनिया नावाच्या वृद्धेची अंत्ययात्रा निघाली. ती ब्रूटसची बहीण आणि कॅशियसची विधवा. वीस थोर घराण्यांच्या पूर्वजांचे मुखवटे मिरवणुकीत होते. सीझरच्या या दोन मारेकऱ्यांचे मात्र नव्हते. ते दिसत नव्हते म्हणूनच ब्रूटस आणि कॅशियस सगळ्यांहून जास्त झळकले, असं टॅसिटस लिहितो. सत्तेपुढे उच्चारता न येणारी नावं न उच्चारताच सगळ्यांच्या मनात उभी राहिली. म्हणून हा प्रयोग फक्त तिथेच वापरावा जिथे ते नसणं काही सांगून जातं: ज्या अहवालात अपघाताची सगळी कारणं आहेत पण देखभालीचा उल्लेखच नाही, तिथे.

रिकामा रकाना

अर्ज भरताना लागणारे शब्द छोटे, पण गोंधळ मोठा. ‘एन/ए’ ही दोन अक्षरं ‘नॉट ॲप्लिकेबल’ आणि ‘नॉट अव्हेलेबल’ या दोन्हींसाठी वापरली जातात. पहिल्याचा अर्थ हा प्रश्न मला लागूच होत नाही. दुसऱ्याचा अर्थ लागू होतो, पण माहिती आत्ता हाताशी नाही. ‘मागच्या शस्त्रक्रियांचा तपशील’ या रकान्यात ‘एन/ए’ दिसलं तर भूलतज्ज्ञाने काय समजायचं? शक्य तिथे पूर्ण शब्द लिहा. शस्त्रक्रिया झालेलीच नसेल तर ‘नन’. रक्कम किंवा प्रमाण शून्य असेल तर ‘निल’. आणि रकाना नुसता कोरा ठेवला तर तो मुद्दाम सोडला की नजरचुकीने राहिला, हे कोणालाच कळत नाही.

डेटाबेसमध्ये याच कोऱ्या रकान्याला ‘नल’ म्हणतात आणि त्याला कडक शिस्त आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामा मजकूरही नव्हे. नल म्हणजे किंमत माहीत नाही. दोन नल एकमेकांशी समान आहेत का असं विचारलं तर उत्तर ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ‘अज्ञात’ येतं. दोन अनोळखी माणसांची वयं माहीत नसतील तर ती सारखीच आहेत असं म्हणता येत नाही, इतकं ते सरळ आहे.

छापील दस्तऐवजात कोऱ्या पानावर ‘धिस पेज इज इंटेन्शनली लेफ्ट ब्लँक’ लिहितात तेही याच काळजीने. पान छपाईत राहिलं की कोणी काढून घेतलं, ही शंका वाचणाऱ्याला येऊ नये म्हणून. करारात एखादं कलम वगळल्यावर क्रमांक तसाच ठेवून ‘इंटेन्शनली ओमिटेड’ लिहिण्याची पद्धतही त्यातलीच. पुढच्या कलमांचे क्रमांक बदलत नाहीत आणि जुने संदर्भ कोलमडत नाहीत.

हे सगळं वाचून पुढच्या पत्रात ‘डिव्हॉइड’ आणि ‘बिरेफ्ट’ पेरायचा मोह झाला तर आवरा. साधं ‘देअर इज नो’ पुरेसं औपचारिक आहे, न्यायालयातही आणि शोधनिबंधातही. ‘अ सिग्नेचर वॉज ऑब्झर्व्ह्ड टु बी ॲबसेंट फ्रॉम द थर्ड पेज ऑफ द एन्क्लोज्ड डॉक्युमेंट’ हे वाक्य घ्या. ‘पेज 3 इज नॉट साइन्ड’ म्हटलं तरी तेवढीच माहिती पोचते आणि वाचणाऱ्याला काय करायचं ते लगेच कळतं. त्याला ‘प्लीज साइन इट अँड सेंड इट बॅक’ एवढी जोड द्या, कोणत्या तारखेपर्यंत तेही लिहा, आणि पत्र पाठवून द्या.